१९३९ सालचा एक अख्खा रेडिओ-दिवस घरी बसून कसा ऐकायचा

युद्धकाळातला रेडिओ म्हटलं की डोळ्यासमोर भोंगे, चर्चिल आणि कुठूनतरी येणारा खरखरीत "धिस इज लंडन" असं सगळं येतं. मलाही तेच वाटायचं, पण मग गेल्या वर्षी एका रविवारी मी सकाळी साडेसहा ते रात्री एक असा सलग रेडिओ ऐकला आणि त्यात युद्ध म्हणाल तर अगदी भाजीतल्या कढीपत्त्याएवढं, बाकी साबण, पाव, लग्न, सासर-माहेर आणि बेसबॉल. तेव्हापासून चार जणांनी विचारलं की हे नक्की केलंस कसं, तर एकदाच लिहून टाकते.

आधी कुठला दिवस ते. तारीख २१ सप्टेंबर १९३९, स्टेशन अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचं डब्ल्यूजेएसव्ही (WJSV), सीबीएस या रेडिओ नेटवर्कचं. त्यांनी त्या दिवशी सकाळी स्टेशन चालू झाल्यापासून रात्री बंद होईपर्यंत सगळंच्या सगळं रेकॉर्ड करून ठेवलं, नॅशनल आर्काइव्ह्जसाठी, म्हणजे तिकडच्या सरकारी दप्तरखान्यासाठी. आता यात काय मोठं असं वाटेल, पण तेव्हा अमेरिकेत टेप वापरात नव्हती हो, सोळा इंची तबकड्या असायच्या, ॲल्युमिनियमवर लाखेसारखा थर दिलेल्या, आणि एका बाजूवर जेमतेम पंधरा मिनिटं मावायची. साडेअठरा तासांचा हिशोब करा, चौऱ्याहत्तर बाजू होतात. असा उपद्व्याप रोज कोण करणार. म्हणून बाकीचे दिवस हवेत गेले आणि हा उरला. इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट मिळतो, स्टेशनचं नाव आणि तारीख टाकली की सापडेल.

दिवस कधीचा निवडायचा ते महत्त्वाचं. २१ सप्टेंबर १९३९ ला गुरुवार होता, त्यामुळे अगदी तंतोतंत करायचं म्हणून मी पहिल्यांदा गुरुवार धरला आणि रजा टाकली. पुण्यात राहून इतकी वर्षं झाली तरी मला अक्कल नाही. गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद, त्यात त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईटही गेली आणि वायफाय गेलं, सकाळी साडेनऊला कुठल्यातरी बाईचं लग्न ठरता ठरता सगळं थांबलं. तर रविवार घ्या. आणि गणपतीत करू नका. खरंतर पंचांग मागे नेलं तर त्या वर्षी त्या तारखेला पुण्यात गणपतीच बसलेले होते, म्हणजे अस्सलपणाच्या दृष्टीने गणेशोत्सव उत्तम, पण तुमच्या गल्लीतल्या मंडळाच्या स्पीकरच्या भिंतींसमोर १९३९ चा एकही निवेदक टिकणार नाही.

आता सामान. आदल्या रात्री सगळ्या फाईल्स डाउनलोड करून घ्या, स्ट्रीमिंगवर विसंबू नका. मग त्या नीट क्रमाने लागतात का बघा, कारण बऱ्याच फोनमध्ये एक नंतर दहा, अकरा असं येतं आणि मग दोन, आणि तुम्ही सकाळच्या चहाला रात्रीचा बँड ऐकत बसाल. फाईलच्या नावाआधी शून्य लावून ०१, ०२ असं केलं की प्रश्न मिटतो. घरात पडलेला जुना फोन घ्या, सिम काढा, फ्लाइट मोडवर टाका. हेडफोन नको. हा माझा हट्ट आहे असं समजा, पण हेडफोनवर ती खरखर कानात टोचते आणि शिवाय रेडिओ ही घरभर ऐकायची गोष्ट आहे, तुम्ही स्वयंपाकघरात आणि आवाज बाहेरच्या खोलीत असा. छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरे, इक्वलायझरमध्ये ट्रेबलची, म्हणजे चिरक्या आवाजाची पट्टी थोडी खाली आणा म्हणजे तबकडीची सळसळ कमी होते, बोलणं मात्र तसंच राहतं.

ज्यांच्याकडे जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, किंवा ज्यांना बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जाऊन मर्फी, फिलिप्स घरी आणायची खोड आहे, त्यांच्यासाठी वेगळं. बऱ्याच जुन्या सेटला मागे ग्रामोफोनसाठी पिकअपची दोन भोकं असतात, तिथे फोनची वायर जोडता येते, आणि मग तोच आवाज लाकडी खोक्यातून असा काही येतो की बास. पण थांबा! त्यातले काही सेट एसी-डीसी प्रकारचे असतात, त्यांना मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसी, म्हणजे आतली धातूची चौकट, सरळ मेन लाईनला जोडलेली असू शकते. म्हणजे फोन जोडला की फोनच्या वायरवर दोनशे तीस व्होल्ट आणि फोन तुमच्या हातात. त्यामुळे स्वतः उद्योग करू नका, जाणत्या मेकॅनिकला दाखवा, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन लाईनपासून वेगळं ठेवणारा) लागतो की नाही ते तो सांगेल. सुटं सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतं. मी एका दुकानातून "एकदम चालू कंडिशन" म्हणून घेतलेला सेट घरी आल्यावर फक्त गरम झाला, बोलला नाही, त्यामुळे दुकानातच लावून बघा. आणि व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो तेवढा धीर धरा, लगेच बटण खालीवर करत बसू नका.

आता मुख्य नियम, हा एक पाळला तर बाकी सगळं जमेल: घड्याळ लावून ऐका. सकाळी साडेसहाला पहिली फाईल सुरू, आणि नंतर पुढे ढकलायचं नाही, मागे न्यायचं नाही, जाहिरातीसुद्धा सोडायच्या नाहीत. वॉशिंग्टनची वेळ आणि आपली वेळ असला हिशोब करू नका, त्यांचे साडेसहा ते आपले साडेसहा. असं केलं की दिवसाला आकार येतो. सकाळी आर्थर गॉडफ्री नावाचा इसम रेकॉर्ड लावतो, मधेमधे वेळ सांगतो, गप्पा मारतो, अगदी आपल्याकडचे सकाळचे एफएमवाले करतात तसं, फक्त कमी किंचाळत. तो वेळ सांगतो तेव्हा तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात तेवढेच वाजलेले असतात आणि अंगावर जरासा काटा येतो, खोटं नाही सांगत.

दुसरा नियम, पुढचं माहीत नाही असं धरून चाला. दिवसभर गुगल नको. त्या दिवशी ऐकणाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की १ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये शिरली, १७ ला दुसऱ्या बाजूने रशिया आली, त्याच दिवशी ब्रिटिशांची करेजस ही विमानवाहू बोट बुडाली आणि वॉर्सा अजून लढतंय. आठवड्याभरात वॉर्सा पडणार हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नव्हतं. युरोपचा जुना नकाशा प्रिंट काढून जवळ ठेवा, मुलांच्या ॲटलासचा उपयोग नाही कारण पोलंड तेव्हा वेगळ्या जागी होता. आणि बातम्यांत रुमानिया ऐकू आलं की कान द्या, त्याच दिवशी बुखारेस्टमध्ये त्यांचे पंतप्रधान कालिनेस्कू यांचा खून झाला.

नऊ ते दीड हा सगळ्यात अवघड भाग, इथेच लोक गळतात. पंधरा-पंधरा मिनिटांच्या मालिका, एकामागून एक, बहुतेक सगळ्यांची नायिका बाई आणि सगळ्यांच्या आयुष्यात विघ्न. साबण कंपन्या पैसे देत म्हणून यांना सोप ऑपेरा म्हणायला लागले. इथे मी पहिल्यांदा चूक केली ती म्हणजे लक्ष देऊन ऐकायला बसले. तसं नाही करायचं. या मालिका घरकाम करता करता ऐकायलाच बनवल्यात, त्यामुळे भाजी निवडा, कपडे घड्या करा, कणीक मळा. आमच्या सासूबाईंना इंग्रजी बेताचंच येतं पण त्या मटार सोलत सगळं ऐकत होत्या, कारण प्रसंग बदलताना ऑर्गन वाजतो आणि त्यावरून त्यांना बरोबर कळायचं. "आता हिचं काहीतरी वाईट होणार बघ," आणि झालं की! हे सगळं तेव्हा लाईव्ह व्हायचं हेही लक्षात ठेवा, नेटवर्कवाले रेकॉर्ड केलेलं सहसा लावतच नसत, त्यामुळे कोणी अडखळलं तर ते अडखळणं तसंच तुमच्यापर्यंत आलंय.

जेवण एकच्या आत उरकून घ्या, कारण दोनला दहा कमी असताना मालिका बाजूला सरतात आणि प्रेसिडेंट रूझवेल्ट अमेरिकन काँग्रेससमोर, म्हणजे तिकडच्या संसदेसमोर, भाषणाला उभे राहतात. बरोब्बर पुणेरी वामकुक्षीच्या वेळेला. नवरा म्हणाला मी पडल्या पडल्या ऐकतो, त्याने पहिली तीन मिनिटं ऐकली. तुम्ही बसून ऐका, चहा घेऊन. विषय असा की १९३५ पासून त्यांच्याकडे कायदा होता, लढणाऱ्या कुठल्याच देशाला शस्त्रं विकायची नाहीत, आणि रूझवेल्टना ती बंदी उठवायची होती. ते सरळ म्हणतात की तुम्ही तो कायदा पास केलात याचं मला वाईट वाटतं आणि मी त्यावर सही केली याचंही तितकंच वाईट वाटतं. आवाज कुठेही चढत नाही. (४ नोव्हेंबरला कायदा बदलला, रोख पैसे मोजा आणि आपल्याच बोटीतून माल न्या अशा अटीवर, पण हे तुम्हाला त्या दिवशी माहीत नाहीये.) त्यानंतर फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए, मग चर्चा.

मला हे ऐकताना सारखं एक टोचत होतं. तिकडे युद्धात पडायचंसुद्धा नाहीये, नुसता माल विकायचाय, तरी प्रेसिडेंट जाऊन निवडून आलेल्या लोकांना विचारतोय. आपल्याकडे ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी परस्पर जाहीर करून टाकलं की भारत युद्धात आहे. कोणाला विचारलं? बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ तेव्हा मुंबई प्रांतात होतं, त्यांनाही नाही, आणि पुढच्या दोन महिन्यांत ही सगळी काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली. तेव्हा दुपारच्या त्या तासाला हे डोक्यात ठेवून ऐका, जास्त चरचरीत लागतं.

आणि पुण्यात तेव्हा रेडिओ कोणता असंही विचारतात. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, त्यामुळे युद्धाच्या काळात पुणेकर मुंबई केंद्र लावायचे, नाहीतर शॉर्टवेव्हवर लंडन, आणि दारं लोटून बर्लिन. १९४२ मध्ये त्यात उषा मेहतांचा गुप्त काँग्रेस रेडिओ आला, ४२.३४ मीटरवर, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत. तो खरंतर वेगळा लिहायचा विषय आहे.

चारनंतर सोपं आहे. बेसबॉल लागतं, वॉशिंग्टन विरुद्ध क्लीव्हलँड, नियम कळले नाहीत तरी चालेल, मागचा गर्दीचा आवाज ऐकत कांदेपोहे करा. युद्ध चालू आणि हे खेळतायत काय असं मनात आलं तर आठवा की त्याच मोसमात पुण्यात विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ काढल्या आणि देवधरांच्या महाराष्ट्राने रणजी ट्रॉफी आणली. सहाला अमॉस अँड अँडी, तेव्हाचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम. दोन गोरे नट कृष्णवर्णीयांची नक्कल करतात, आज ऐकताना घशाखाली उतरत नाही, मी तेवढा वेळ दिवाबत्ती केली पण बंद केलं नाही. मुलं असतील तर त्यांना त्यानंतर बोलवा, सातला प्रश्नमंजूषा आहे आणि आठला मेजर बोज यांचा हौशी कलाकारांचा कार्यक्रम, म्हणजे आपले रिॲलिटी शो काही नवीन नाहीत. आमच्या मुलीने तीन जणांना मार्क दिले आणि एकाला सरळ घरी पाठवलं.

रात्री उशिरा रूझवेल्टचं भाषण पुन्हा लावतात, दिवसा कामावर असलेल्यांसाठी असणार. हे चुकवू नका, मी तर म्हणेन दुपारपेक्षा हे महत्त्वाचं. शब्द तेच, पण मधे तुम्ही दिवसभर पाव, साबण, लग्नं, स्कोअर सगळं ऐकलंय, घरात निजानीज झालीये, आणि आता तोच आवाज ऐकताना वाटतं की सकाळपासून त्या मालिका ऐकणाऱ्या बायांची मुलं अठरा-वीस वर्षांची असतील.

साडेअकरापासून नाचाचे बँड, टेडी पॉवेल, बाराला लुई प्रिमा, मग बॉब चेस्टर, एकपर्यंत. तोपर्यंत जागायचं असेल तर दुपारची झोप हवी आणि दुपारी रूझवेल्ट, त्यामुळे रात्री कॉफीला पर्याय नाही. एक करा, लुई प्रिमा सुरू व्हायच्या आधी आवाज कमी करा. मी नाही केला, आणि सोमवारी सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "काय हो, काल रात्री वरात कोणाची होती?"