कंट्रोल पास, रुग्ण नापास: बायोमार्कर चाचणी व्हॅलिडेट करताना या चुका टाळा

दोन्ही लेव्हलचे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) मर्यादेत, सीव्ही (पुन्हा-पुन्हा मोजल्यावर आकड्यात होणारा चढउतार) ४ टक्के, आणि तरी वॉर्डातून फोन येतो: “हा रिपोर्ट पेशंटशी जुळत नाही हो.” लॅबमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने हा फोन घेतलेला असतो. अशा वेळी आपण आधी यंत्रावर संशय घेतो. माझ्या अनुभवात घोळ बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी, व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे आजाराची खूण (बायोमार्कर) मोजणारी चाचणी भरवशाची आहे का हे पडताळण्यासाठी, नमुने गोळा करताना झालेला असतो.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे एकीकडे ठणठणीत माणसं आणि दुसरीकडे पक्के रुग्ण ठेवून चाचणी तपासणं. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्तातल्या प्रथिनांच्या ‘पॅटर्न’वर बेतलेली चाचणी छापून आली. कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने तिने पकडले आणि कर्करोग नसलेले ६६ पैकी ६३ बरोबर ओळखले. पॉझिटिव्ह आलेल्या ५३ जणींत ५० खऱ्या रुग्ण, म्हणजे ९४ टक्के. गडबड अशी की त्या संचात जवळजवळ निम्मे नमुने रुग्णांचेच होते. आता तीच चाचणी सर्वसाधारण स्त्रियांवर चालवा आणि अडीच हजारांत एक रुग्ण धरा. १०,००० जणींत रुग्ण ४, आणि खोट्या पॉझिटिव्ह साधारण ४५०. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडलेल्या शंभरांत एकीलाही धड आजार नाही, पण सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेच्या धास्तीचा फेरा सगळ्यांच्या मागे.

गोष्ट इथेच थांबली नाही. एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी त्या गटाने खुला केलेला डेटा उसवून पाहिला. दिसणाऱ्या फरकाचा बराच भाग यंत्राच्या कॅलिब्रेशनमुळे आणि नमुने चालवण्याच्या पद्धतीमुळे आला असावा, असं त्यांनी २००४ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं-चाचण्यांवर देखरेख करणारं खातं) आक्षेप घेतला आणि ती चाचणी बाजारात आलीच नाही. म्हणून रुग्णांचे नमुने सोमवारी आणि निरोगी लोकांचे शुक्रवारी, असं कधीही करू नका. सगळे मिसळा, चिठ्ठ्या टाकून क्रम लावा आणि कुठला नमुना कोणाचा हे यंत्रावरच्या माणसाला कळू देऊ नका. तुलनेसाठी निरोगी स्वयंसेवक पुरत नाहीत. एंडोमेट्रिऑसिस, साधी गाठ, पोटातला जंतुसंसर्ग असलेल्या बायका हव्यात, कारण खऱ्या ओपीडीत गोंधळ त्यांच्याच बाबतीत होतो.

दुसरी चूक आळसाची. एकच नमुना एका दुपारी २० वेळा चालवायचा आणि ‘प्रिसिजन उत्तम’ लिहून मोकळं व्हायचं. सीएलएसआय या लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ईपी०५ मार्गदर्शिकेत २० दिवस, रोज २ रन (फेऱ्या), प्रत्येक रनमध्ये २ मोजण्या सांगितल्या आहेत ते उगाच नाही; नवं रिएजंट, एसी बंद पडलेली खोली, वेगळा टेक्निशियन हे सगळं एका दुपारी दिसत नाही. कंपनीचं तयार किट फक्त पडताळायचं असेल तर ५ दिवस, रोज ५ मोजण्या चालतात. आणि मोजायचं तिथे, जिथे निर्णय होतो. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिनमध्ये (हृदयाला इजा झाली का हे सांगणारी रक्तचाचणी) ९९व्या पर्सेंटाइलला, म्हणजे ९९ टक्के निरोगी लोक ज्याच्या खाली असतात त्या आकड्याला, सीव्ही १० टक्क्यांच्या आत हवा. हजाराच्या पातळीवरचा देखणा सीव्ही छातीत दुखणाऱ्या माणसाच्या काय कामाचा?

जुन्या पद्धतीशी तुलना करताना आर (दोन पद्धतींचे आकडे किती सोबत वाढतात हे सांगणारा सहसंबंध गुणांक) ०.९९ आला की पेढे वाटणारेही पाहिलेत. नवी पद्धत सगळीकडे दीडपट आकडा देत असली तरी आर ०.९९ येतोच! ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सुचवलेला फरकांचा आलेख काढा. किमान ४० नमुने घ्या, पण पूर्ण मोजपट्टीवर पसरलेले.

आता तो वॉर्डातला फोन. आधी नमुना पातळ करून पुन्हा चालवा. सँडविच पद्धतीत (मोजायचा रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडतात) प्रोलॅक्टिन किंवा बीटा-एचसीजी हे हॉर्मोन अफाट वाढलं असेल तर आकडा उलट कमी दिसतो. त्याला हुक इफेक्ट म्हणतात आणि १:१०० करताच तो उघडा पडतो. पातळ केल्यावर हिशेब भलताच येत असेल तर हेटेरोफाइल अँटिबॉडीचा (रुग्णाच्या रक्तातली, किटमधल्या अँटिबॉडींना चिकटून आकडा बिघडवणारी) संशय घ्या, तिला अडवणारी ब्लॉकिंग ट्यूब वापरा किंवा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तपासा.

मग रुग्णाला विचारा, “केसांसाठी काही गोळ्या घेता का?” दिवसाला ३० मायक्रोग्रॅम बायोटिन (एक जीवनसत्त्व) पुरतं, त्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतं. स्ट्रेप्टॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन) आणि बायोटिनच्या जोडीवर चालणाऱ्या किटमध्ये सँडविच चाचणी खोटी कमी आणि स्पर्धात्मक चाचणी (रुग्णातला आणि किटमधला रेणू एकाच जागेसाठी झगडतात) खोटी जास्त येते. टीएसएच कमी, फ्री टी४ जास्त: हुबेहूब ग्रेव्हज आजार (थायरॉइड जास्त काम करण्याचा), आणि थायरॉइड मात्र ठणठणीत. खोट्या कमी ट्रोपोनिननंतरच्या एका मृत्यूची नोंद सांगत एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये याचा इशारा दिला होता.

एक आपल्याकडचं. गडचिरोली, नंदुरबारकडून येणाऱ्या नमुन्यांवर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) करत असाल तर सिकलसेलचे नमुने व्हॅलिडेशनमध्ये घ्याच. वाहकांमध्ये काही पद्धती बरोबर आकडा देतात, काही चुकतात. सिकलसेलच्या एसएस रुग्णात (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेला) तर एचबीए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, नसतंच आणि लाल पेशीही लवकर मरतात, त्यामुळे कुठल्याही यंत्राचा एचबीए१सी भरवशाचा नाही. तिथे रिपोर्टवर आकडा न छापता फ्रुक्टोसामीन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी चाचणी) किंवा थेट ग्लुकोज सुचवा.