खारपाणपट्टा : बोअरचं पाणी तपासल्याशिवाय हरभऱ्याला देऊ नका

घाटे अळीने एक हंगाम जातो. न तपासलेल्या बोअरच्या पाण्याने जमीनच जाते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या शेतकऱ्यांनी पहिलं ओलित सोडण्याआधी हे वाचावं.

सातपुड्याच्या पायथ्याला खचलेल्या या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचलेला आहे. पायथ्याच्या भरड गाळात पाणी मुरतं, वाहतं, गोडं राहतं. पूर्णेकडे चिकणमाती वाढत जाते आणि पाणी जवळपास थांबतं. अशा पाण्यातला कॅल्शियम काही चुनखडी होऊन बसतो, काही चिकणमाती धरते आणि बदल्यात सोडियम सोडते. म्हणून "अजून शंभर फूट मारू, गोडं लागेल" यावर पैसा घालू नका. इथं खोल गेलं की बहुधा खारेपण वाढतंच.

नमुना असा घ्या : मोटर अर्धा तास चालवा, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा. औषधाची बाटली नको. गट नंबर, बोअरची खोली, तारीख लिहून चोवीस तासांत मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. ईसी (पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप), एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेला सोडा, म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट) हे तिन्ही आकडे मागून घ्या.

ईसी 2.25 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर हरभऱ्याला ते पाणी नकोच; तिथे करडई घ्या. आरएससी (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये) 1.25 पर्यंत चालतं, 2.5 च्या वर धोका. टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षारच मोजतं, सोडियम वेगळा दाखवत नाही, आणि फसगत इथेच होते : पाणी फारसं खारट लागत नाही, साबणाला फेस भरपूर येतो, पण ते सोड्याचं असतं. अशी चव-फेस दिसली की आमचा पहिला संशय आरएससीवर. हे पाणी पाजलेली जमीन हिवाळ्यात बरी दिसते. जूनच्या पावसात वरचे क्षार धुतले जातात, सोडियम मातीला चिकटून राहतो, मातीचे कण सुटे होऊन भेगा-छिद्रं बुजतात आणि पाणी आठ-आठ दिवस साचतं.

उपाय जिप्सम. 5 सेंमीच्या एका पाण्याला, आरएससी 1 ने उतरवायला एकरी 70 टक्के शुद्धतेचं सुमारे 25 किलो लागतं. आरएससी 5 असेल आणि 2.5 वर आणायचं असेल तर दर पाण्यामागे साधारण 62 किलो. पेरणीआधी सगळ्या पाण्यांचं मिळून वरच्या 10 सेंमी मातीत मिसळा. वाढलेल्या ईसीवर मात्र जिप्समचा उपाय नाही. दुकानातले 'क्षार तोडणारे' द्रावण आणि पाइपवरचे चुंबक घेऊ नका. सोडियम हटवायला कॅल्शियमच लागतो. चुना टाकू नका, या जमिनीत तो आधीच भरपूर आहे.

बाकी नेहमीचं :
- वाण जॅकी 9218
- अंतर 30 × 10 सेंमी
- बियाण्याला ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम
- एकरी युरिया 22 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 125 किलो. डीएपीचा आग्रह झाला तरी सुपरच, त्यात जिप्सम आयतं मिळतं

शेततळ्यात पाणी असेल तर ते फुलोऱ्यासाठी राखा. खाऱ्या पाण्याचं तुषार सिंचन नको, पानं करपतात. अहवाल हाती नसेल तर या वर्षी ओलावर येईल तेवढंच पीक घ्या, आणि मे महिन्यात पाणी सर्वांत खालावलेलं असताना दुसरा नमुना द्या.