जुन्या लॉनचे वाफे करताय? या चुका टाळा

भाड्याच्या घरासमोरचं रान माजलेलं लॉन पाहिलं की हात शिवशिवतात. तरी कुदळ उचलण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या. घर सोडताना हिरवळ पुन्हा लावून द्यायची की वाफे तसेच ठेवायचे, हे त्यातच ठरू दे. जमिनीखालून पाण्याचे पाइप आणि केबल कुठून गेलेत तेही विचारा. सुरुवातीचे फोटो काढून ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हरळी खणून मातीतच मिसळणं. दोन दिवस माती मोकळी, काळीभोर दिसते; मग गवत आधीपेक्षा दाट येतं. ढेकूळ फोडून बघा. पांढरट, दोऱ्यासारख्या काड्या दिसतील आणि त्यांवर थोड्याथोड्या अंतराने पेरं. कुदळीने जितके तुकडे कराल, तितकी पेरं फुटतात. म्हणून आदल्या दिवशी पाणी द्या, माती सैल करा आणि काड्या अख्ख्या ओढून काढा. या काड्या ओल्या असताना कंपोस्टमध्ये टाकू नका. काम किचकट आहे, पण मला तरी याला पर्याय दिसत नाही. त्यामुळे आधी एकच वाफा घ्या, 1.2 मीटर रुंदीचा. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, माती तुडवावी लागत नाही.

हरळी नसलेलं साधं गवत दाबायला वर पुठ्ठा अंथरणं सोपं. चूक होते ती कडांवर: पुठ्ठे एकमेकांवर 15 सेंटिमीटर तरी चढायला हवेत, नाहीतर फटीतून गवत डोकावतंच. चिकटपट्टी काढा, पुठ्ठा चिंब भिजवा, वर 10 ते 15 सेंटिमीटर कुजलेलं खत घाला. लव्हाळा मात्र पुठ्ठ्याला दाद देत नाही. त्याचं टोकदार पान वर आलं की दर वेळी खुरप्याने गड्ड्यासकट काढा. तणावर मीठ टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तिथे पुढे तुमचीही रोपं जगणार नाहीत.

रोपं पिवळी पडली? लाकडाचा भुसा मातीत मिसळलाय का बघा. तो कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो. भुसा फक्त वर पसरा, खोडापासून थोडा लांब.

कडेने गवत पुन्हा आत सरकत असेल तर वाफ्याभोवती 15 सेंटिमीटर खोल चर खणा आणि चर ओलांडणारे धावते फुटवे दर आठवड्याला छाटा.