घरच्या थिएटरसाठी संगणक: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं

टीव्हीला जोडायला संगणक हवा म्हटलं की नागपुरात बर्डीवरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, आय५ टाकायचा की आय७? सिनेमा बघण्यापुरतं काम असेल तर या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. व्हिडिओची फाइल उलगडायचं काम प्रोसेसरच्या कोअरकडे (आतल्या गणन-विभागांकडे) सहसा नसतंच. ग्राफिक्सच्या भागात व्हिडिओ डिकोडर म्हणून एक छोटा स्वतंत्र विभाग असतो, तो ते करतो. फाइलचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत, त्याला कळला, तर ४के सिनेमा प्रोसेसरवर जेमतेम पाच-दहा टक्के भार टाकून चालतो. कळला नाही, की सगळा बोजा कोअरवर येतो, पंखे घोंघावायला लागतात आणि चित्र अडखळतं. म्हणून आधी कोडेक बघा, मग वॅट, म्हणजे प्रोसेसर किती वीज खातो ते. कोअर किती, हे शेवटी.

वॅट इतक्या वर येतात ते नागपूरच्या उन्हाळ्यामुळे. प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर तापतो. २५ अंशांच्या खोलीत ६० वर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत, पंख्याचा वेग तोच ठेवला, तर ७५ च्या आसपास जातो. मग पंखा वेग वाढवतो आणि पडद्यावरच्या शांत प्रसंगात नेमका तोच ऐकू येतो. कमी वॅटचा प्रोसेसर घेतला की हा त्रास मुळातच कमी होतो.

कोडेक चार लक्षात ठेवा: एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१. पहिला सगळीकडे चालतो. ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला जास्त असलेले) सिनेमे बहुतेक १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या) एचईव्हीसीमध्ये असतात. इंटेलमध्ये त्याची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे. यूट्यूब ४के साठी व्हीपी९ आणि एव्ही१ वापरतं. एव्ही१ साठी इंटेलची अकरावी पिढी किंवा त्यापुढची लागते. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी अजूनही खूप विकला जातो, पण त्याला एव्ही१ येत नाही. रायझन ७००० मालिकेतल्या, नावाशेवटी 'एफ' नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरना आणि ८६००जीला येतं.

फक्त सिनेमे आणि यूट्यूब बघायचं असेल, तर इंटेल एन१०० चा मिनी पीसी पुरेसा आहे. ६ वॅटचा प्रोसेसर, चारही कोडेक ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेम) पर्यंत, आणि ८ किंवा १६ जीबी रॅम. त्याच पेटीवर ऑफिसचं काम किंवा मुलांचा अभ्यासही करायचा असेल, तर आय३-१२१०० आणि एच६१० मदरबोर्ड घ्या. हा प्रोसेसर जोर लावतो तेव्हा ८९ वॅटपर्यंत जातो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीएल१ आणि पीएल२ या विजेच्या दोन्ही मर्यादा ४५ वॅटवर बांधल्या तर सिनेमात काही फरक पडत नाही, पंखा मात्र शांत राहतो. हलके गेम खेळायचे असतील तर ८६००जी. त्याला एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते, आणि ती १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन पट्ट्या घ्यायची. आतलं ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं.

पैसे सर्वात जास्त वाया जातात ते एका अक्षरापायी. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसा आय३-१२१००एफ, तर आत ग्राफिक्स नाही. थोडा स्वस्त म्हणून तो घेतला की बोर्डावरच्या एचडीएमआयमधून काहीच दिसत नाही आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. एएमडीच्या ५६०० आणि ५६००एक्सचंही तेच.

मग कार्ड कधी घ्यायचं? गेम खेळायचे असतील, टीव्ही ४के १२० चा असेल, प्रोजेक्टरसाठी मॅडव्हीआर या सॉफ्टवेअरने एचडीआर टोन मॅपिंग (एचडीआरचा उजेड प्रोजेक्टरला झेपेल असा बसवणं) करायचं असेल, किंवा जुना संगणक वापरात आणायचा असेल, तेव्हाच. चौथ्या पिढीचा आय५ असलेली ऑफिसची जुनी बारकी पेटी बऱ्याच घरांत पडून असते. तिला एचईव्हीसी पेलत नाही. तिच्यासाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी, लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेल चांगलं: ७० वॅट, वेगळी पॉवर केबल नको, एव्ही१ आणि एचडीएमआय २.१ दोन्ही आहेत. याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅटचं आहे. ते या पेटीत चालणार नाही, म्हणून खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. जीटी १०३० ला एचईव्हीसी येतं, एव्ही१ नाही. आरएक्स ६४०० लाही एव्ही१ येत नाही. जीटी ७१० तर या कामासाठी घेऊच नका. त्यात एचईव्हीसी डिकोडर नाही आणि ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळतं. इंटेल आर्क ए३१० आणि ए३८० व्हिडिओला उत्तम आहेत, पण त्यांना बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, जे जुन्या बोर्डांवर सहसा नसतं.

कार्ड लावल्यावर केबल कार्डातच खोचा, बोर्डात नाही. एचडीएमआय १.४ वर ४के ला ३० हर्ट्झच मिळतात, २.० वर ६० मिळतात, पण १०-बिट एचडीआरसाठी रंग ४:२:२ वर (रंगाची माहिती थोडी कमी पाठवणाऱ्या प्रकारावर) ठेवावे लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा 'एन्हान्स्ड' मोड चालू केल्याशिवाय एचडीआरचा पर्याय बऱ्याचदा दिसतच नाही. चित्र मध्येच काळं होत असेल तर कार्डाला दोष देण्याआधी केबल बदला. साधी तांब्याची केबल पाच मीटरच्या पुढे दगा देऊ लागते. प्रोजेक्टरपर्यंत दहा मीटर न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. साउंडबारला ट्रूएचडी ॲटमॉस (गुणवत्ता न घटवलेला सिनेमाचा आवाज) हवा असेल तर टीव्हीला ईएआरसी (एचडीएमआयमधून आवाज साउंडबारकडे पाठवायची नवी सोय) पाहिजे, साध्या एआरसीतून तो जात नाही.

नेटफ्लिक्सचं ४के विंडोजवर एज किंवा त्यांच्या ॲपमधून मिळतं, क्रोममधून नाही. ओटीटीसाठी टीव्हीचं स्वतःचं ॲपच सोयीचं. ४के ब्लू-रे डिस्क संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलची एसजीएक्स ही प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय लागायची, ती अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नाही. डिस्कचा संग्रह असेल तर वेगळा प्लेयर घ्या.

पैसे देण्याआधी दुकानातच तपासणी करून घ्या. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर १०-बिट एचईव्हीसीची ४के फाइल न्या (एफएटी३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही). ती चालू करून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू उघडा. 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख वर जायला हवा आणि प्रोसेसर दहा टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. आलेख सपाट आणि प्रोसेसर ऐंशीवर असेल, तर ड्रायव्हर किंवा प्लेयरची सेटिंग चुकली आहे. डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकारची एखादी फाइल हिरवी-जांभळी दिसली तर घाबरू नका. त्यातल्या 'प्रोफाइल ५' प्रकारच्या फाइली साध्या प्लेयरमध्ये अशाच दिसतात, एमपीव्ही या प्लेयरची नवी आवृत्ती त्या नीट दाखवते.

घरी कोडी हे सिनेमे चालवायचं सॉफ्टवेअर लावलं असेल तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' चालू करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो; टीव्ही ६० वरच अडकून राहिला तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके खातं, आणि लोक उगाच महागडं कार्ड घेऊन येतात.

पेटी कूलरच्या झोतात कधीच ठेवू नका. पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार बोर्डावर आणि पोर्टवर बसतात, कूलरसाठी उघड्या ठेवलेल्या खिडकीतून धूळ येते, आणि दोन्ही मिळून हीटसिंकच्या फटींमध्ये लेप तयार होतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यातही नको. मागे चार बोटं तरी जागा सोडा आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटीची जाळी झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोरावर तो भरधाव फिरला तर बेअरिंग जातं आणि घरघर कायमची मागे लागते.