लांब पल्ल्याचं वायफाय: झावळांची पाहणी जुलैत करा

गोव्यातल्या सत्तरीत किंवा काणकोणात तुमच्या वाड्यावर फायबर पोचलेला नाही, पण पाच किलोमीटरवर भावाच्या घरी आहे? मग दोन्ही छपरांवर ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफाय डिश (अँटेना) समोरासमोर बसवून इंटरनेट आणता येतं. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे. डिशमधून सोडायच्या लहरींच्या शक्तीची मर्यादा आणि इंटरनेट कंपनीच्या अटी तेवढ्या पाळा.

दुर्बिणीतून समोरचं छप्पर दिसलं म्हणजे काम झालं, असं मुळीच नाही. लहरी सरळ दोरीसारख्या जात नाहीत, मध्ये फुगतात. पाच किलोमीटरच्या अंतरात मध्यावर त्या दृष्टिरेषेभोवती चहूबाजूंनी निदान पाच मीटर मोकळे हवेत. तिथे माडाचा शेंडा आला तर उन्हाळ्यात कसंबसं भागेल, पण भिजलेली झावळं सिग्नल खातात. नुसत्या पावसाचा या लहरींना फारसा त्रास नसतो. म्हणून झावळं भिजलेली असताना, जुलैत पाहणी करा, आणि पोफळी-माड वाढणार हेही धरून खांब उंच घ्या.

केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकून जातं. खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं उपकरण) मे महिन्यातल्या विजांआधीच लावा.