कृतिसंशोधन करताय? मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

बी.एड., एम.एड.चं वर्ष संपत आलं की कृतिसंशोधनाच्या, म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीवर उपाय करून बघण्याच्या छोट्या संशोधनाच्या, फायली माझ्या टेबलावर येतात. तक्ते, आलेख, मांडणी बहुतेकांची ठीक असते. चुका होतात त्या मुलांशी वागण्यात, आणि करणाऱ्याला त्या चुका वाटतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मुख्याध्यापकांची सही म्हणजे संमती नव्हे

त्यांच्या परवानगीच्या पत्राने तुम्हाला वर्गात शिरता येतं, एवढंच. पालकांना आणि मुलाला वेगवेगळं विचारावं लागतं. एका फाइलमध्ये ३२ पालकांची संमतिपत्रं होती. बत्तीसही सह्या एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या. विचारलं तर उत्तर आलं, "पालक मजुरीला जातात, भेटत नाहीत, म्हणून आम्हीच भरल्या." अहो, पालक संध्याकाळी घरी असतात. तेव्हा जा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, त्यांच्या बोलीत सांगा, विचार करायला दोन दिवस द्या.

मुलाचं काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी अनुमती घ्यायला सांगतात. ती वैद्यकीय संशोधनासाठी आहेत, पण वर्गातही तोच दंडक पाळावा असं माझं ठाम मत आहे.

विचारतं कोण, हेही बघा. वर्गशिक्षकच प्रश्नावली हातात देऊन "भरणार ना रे?" म्हणाले, तर सातवीतलं पोर नाही कसं म्हणेल? ज्याच्या हातात गुण आहेत त्याने विचारू नये, दुसऱ्या कुणाला पाठवा. आणि सगळ्यांना सांगा, ज्याला नको त्याने कागद कोराच ठेवून घडी करून द्यायचा. मग नाही कोण म्हणालं, ते वर्गाला कळत नाही.

"अप्रगत गट इकडे बसा"

उपक्रमाआधीची पूर्वचाचणी झाली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. १९३९ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं, की तुम्ही अडखळता. त्यातली काही मुलं पुढे बोलायलाच घाबरू लागली. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये. आपला हेतू तसा नसतो हे मान्य. पण चाळीस मुलांसमोर लावलेला शिक्का मूल घरी घेऊन जातं. गटांना रंगांची नावं द्या, यादी स्वतःच्या वहीत ठेवा.

नियंत्रित गटाचंही, म्हणजे नवा उपक्रम न देता फक्त तुलनेसाठी ठेवलेल्या मुलांचंही, तेच. 'अ' तुकडीला अपूर्णांक नव्या पद्धतीने शिकवले, गुण वाढले, आणि 'ब' तुकडी तशीच राहिली. उपक्रमानंतरची उत्तरचाचणी संपली की तेच तास 'ब'ला घ्या. हे दिवस आराखड्यातच धरून ठेवा, नाहीतर ते कधीच उगवत नाहीत.

नाव खोडलं, तरी मूल ओळखू येतं

परिशिष्टात जोडलेल्या एका उत्तरपत्रिकेवरचं नाव पेनाने खोडलं होतं. पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि सगळं वाचता आलं. दुसरीकडे नाव नव्हतं, पण वाडीचं नाव, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय होता. पहिलीत पाचच मुलं असलेल्या वाडीत आणखी काय लागतं? फोटोत चेहरे नकोत. मूळ कागद न लावता उत्तरं नव्याने टंकून लावा.

न पाळता येणारं वचन देऊ नका

"काहीही लिही, कुणाला सांगणार नाही," असं मुलाला म्हणू नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. सुरुवातीलाच सांगा, "तुला कुणी त्रास देतंय असं कळलं, तर मला मदत मागावी लागेल."

उत्तरचाचणीचे गुण घरी बसून भरणं

प्रत्येक मुलाचे गुण बरोबर सहाने वाढलेले दिसले, की मी चाचणीचे मूळ कागद मागते. बहुतेकदा ते नसतात. गुण वाढले नसतील तर तसंच लिहा, कोणत्या दिवशी कोण गैरहजर होतं, उपक्रम कुठे फसला तेही लिहा. 'फरक पडला नाही' असा निष्कर्ष आहे म्हणून मी आजवर एकही फाइल परत पाठवलेली नाही.