पित्ताची गोळी चालू असताना पोटातल्या जिवाणूची तपासणी करू नका
वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी हिशेब लिहिते. तीन वर्षं पहाटे पोटात आग पडायची. ‘मिरचीच्या पोत्यांत दिवस काढतेस, मग काय होणार,’ सासूबाई म्हणायच्या. मीही उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी, घेऊन ठाण्याहून वाशी लोकल पकडायचे. पण मिरचीचा दोष नव्हता, जिवाणूचा होता.

त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. युरियापासून अमोनिया बनवून तो स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट थरात घर करतो. अस्तर सुजतं, तोच गॅस्ट्रायटिस. पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जिवाणू स्वतः पिऊन पाहिला आणि काही दिवसांत त्यांचं जठर सुजलं. २००५ साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.

तपासणी श्वासाची (फुंकर मारून), शौचाची किंवा दुर्बिणीतून जठराचा तुकडा काढून होते. माझी पहिली निगेटिव्ह आली, पण ती खोटी होती. गोळी बंद करायला मला कुणी सांगितलंच नव्हतं! या गोळीने जिवाणू दबतो, मरत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून ती किमान दोन आठवडे आधी थांबवा. अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे जाऊ द्या. अ‍ॅस्पिरिन चालू असेल किंवा आधी अल्सर झाला असेल तर मनाने काहीही थांबवू नका. ते दोन आठवडे जड जातात. मला डॉक्टरांनी अधूनमधून पातळ अँटासिड चालेल म्हणून सांगितलं, आणि मी रात्रीचं जेवण साडेसातलाच उरकायचे. रक्तातल्या अँटिबॉडीवर विसंबू नका, जिवाणू गेल्यावरही त्या बराच काळ राहतात.

औषधं चौदा दिवसांची, दोन तरी अँटिबायोटिक आणि सोबत आम्ल कमी करणारी गोळी. तोंड कडू होतं, त्यात बिस्मथ हे औषध असेल तर शौच काळं होतं. मी प्रत्येक डोसाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायचे. मधेच सोडलं तर उरलेला जिवाणू औषधाला जुमानेनासा होऊ शकतो. शेजारणीची चिठ्ठी दाखवून तीच औषधं आणू नका.

रक्ताची उलटी, बिस्मथ नसताना डांबरासारखं शौच, उगाच घटणारं वजन, गिळताना अडकणं, यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची, गोळी पुन्हा आधीच बंद ठेवून. माझी निगेटिव्ह आली. त्या वेळी गोळी बंद करून तीन आठवडे झाले होते, म्हणून मी त्या कागदावर विश्वास ठेवला.